रात्री मशीन बंद करता का? एमआरआयच्या आत काय असतं त्याविषयी

खानापूर तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलंय: आईची कंबर दुखते, डावा पाय बधिर होतो, डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय काढायला सांगितलाय. एका ठिकाणी ०.३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) 'ओपन' मशीन आहे, दुसरीकडे १.५ चं, तिसरीकडे ३ चं. टेस्ला जास्त म्हणजे मशीन चांगलं का? आईच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली आहे, ते चालेल का? आत एवढा आवाज कसला होतो? आणि सगळ्यात शेवटी, जरा बिचकत विचारल्यासारखं, 'रात्री मशीन बंद करता का?'

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. बेळगावात ही मशीनं सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. रात्री आम्ही कॉम्प्युटर बंद करतो, दिवे बंद करतो, दाराला कुलूप लावतो. मशीनचं चुंबक मात्र चालूच असतं. दिवाळीला, बंदच्या दिवशी, लाईट गेल्यावरसुद्धा. तुम्ही विचारलेल्या बाकीच्या बऱ्याच गोष्टींचं मूळ इथंच आहे.

बाहेरून दिसतं ते नुसतं प्लास्टिकचं कव्हर. ते उतरवलं की आत एकात एक बसवलेल्या तीन नळ्या असतात, जेवणाच्या डब्यात डबा ठेवावा तशा. सगळ्यात बाहेर मुख्य चुंबक, त्याच्या आत ग्रेडियंट कॉइल (कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं), आणि सगळ्यात आत, पेशंटच्या अंगाजवळ, रेडिओ लहरी सोडणारी बॉडी कॉइल. पेशंटला दिसतो तो उरलेला ६० किंवा ७० सेंटीमीटरचा बोगदा.

मुख्य चुंबक म्हणजे नायोबियम-टायटॅनियमची तार. तांब्यात बसवलेली, कित्येक किलोमीटर लांब, आणि गुंडाळून द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली. हेलियमचं तापमान उणे २६९ अंश. एवढ्या थंडीत त्या तारेचा विजेला होणारा विरोध शून्यावर येतो. मशीन बसवताना बाहेरून वीज जोडून हळूहळू काही शे अँपिअर करंट आत चढवतात, मग वेटोळं आतल्या आत जोडून टाकतात आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतात. तो करंट मग फिरतच राहतो. आमच्याकडे एका मशीनमध्ये सुरुवातीला भरलेला करंट बारा वर्षं फिरत होता, मशीन मोडीत काढायच्या दिवसापर्यंत. बटण दाबून बंद करायला तिथं काही चालू केलेलंच नसतं.

जुन्या पद्धतीच्या मशीनमध्ये हेलियम दीड-दोन हजार लिटर असतं. आपल्या देशात ते जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे एक-एक लिटर जपावं लागतं. ते उडून जाऊ नये म्हणून वर एक छोटं यंत्र बसवलेलं असतं, त्याला आम्ही कोल्ड हेड म्हणतो. ते अखंड चालू असतं. तुम्ही आईला घेऊन आत जाल तेव्हा स्कॅन सुरू नसतानाही 'चिक-चुक, चिक-चुक' असा एकसुरी आवाज येईल, तो त्याचा. आलेल्या म्हाताऱ्या माणसांतलं कुणी ना कुणी विचारतंच, 'आत कोंबडीची पिल्लं हायत काय ओ?' अलीकडे काही मशीनमध्ये अवघं सात लिटर हेलियम घालून टाकी कायमची सीलबंद करतात. आमच्यासारख्यांची निम्मी काळजी त्यातच मिटते.

उरलेली निम्मी काळजी पावसाळ्यात कळते. एका जुलैमध्ये तीन दिवस झड लागलेली, रात्री अकराला लाईट गेली, जनरेटर सुरू झाला, पण गच्चीवरचा चिलर काही परत उठला नाही. चिलर म्हणजे कोल्ड हेडच्या कॉम्प्रेसरला थंड पाणी पुरवणारं यंत्र. ते थांबलं की कॉम्प्रेसर तापून बंद पडतो, कोल्ड हेड गप्प होतं आणि हेलियम उकळायला लागतं. कोल्ड हेड थांबल्यावर त्या खोलीत जी शांतता पसरते, तिच्याइतका भीतिदायक आवाज मी ऐकलेला नाही. शेवटी बोअरच्या पाण्याचा पाइप थेट कॉम्प्रेसरला जोडला, गेलेलं पाणी गटारात सोडलं आणि पहाटेपर्यंत बादलीत हात घालून पाणी किती गरम येतंय ते बघत बसलो. सकाळी हेलियमची पातळी थोडी उतरलेली होती, पण मशीन वाचलं. त्या दिवसापासून बोअरचा जोड कायमचा करून ठेवलाय.

चुंबक बंद करायचा एकच तातडीचा मार्ग असतो. भिंतीवर काचेखाली लाल बटण असतं. ते दाबलं की तारेचा एक भाग मुद्दाम तापवला जातो, विरोध परत येतो, सगळी ऊर्जा उष्णता होते आणि हेलियम काही सेकंदांत वायू होऊन छताच्या पाइपातून बाहेर पडतो. याला क्वेंच म्हणतात. एक लिटर द्रव हेलियमचा सातशे लिटरच्या वर वायू होतो. पाइप कुठं तुंबला असेल, म्हणजे पक्ष्याने घरटं केलं असेल किंवा पावसाचं पाणी साचलं असेल, तर तो वायू खोलीत शिरतो आणि श्वासाला प्राणवायू उरत नाही. म्हणून पावसाळ्याआधी गच्चीवर चढून पाइपाचं तोंड बघणं हे माझं ठरलेलं काम. माणूस चुंबकाला चिकटून अडकला, असा जिवावरचा प्रसंग असला तरच ते बटण दाबायचं. नंतर हेलियम भरून मशीन पुन्हा उभं करायला कित्येक दिवस आणि मोठा खर्च लागतो.

०.३ टेस्लाच्या ओपन मशीनमध्ये यातलं काहीच नाही. तिथं वर-खाली दोन जाड तबकड्या असतात, कायमस्वरूपी चुंबकाच्या. हेलियम नको, चिलरची धावपळ नको, वीज कमी, बाजू मोकळ्या. पण चुंबक कमी ताकदीचं, वजनाने मात्र अवाढव्य, आणि तापमान जरा बदललं की त्याचं क्षेत्र सरकतं. शिवाय तेही बंद होत नाहीच. त्याला तर क्वेंचचं बटणही नसतं.

आता टेस्ला. बेळगावात पृथ्वीचं जे चुंबकीय क्षेत्र आहे, ज्यावर होकायंत्राची सुई फिरते, त्याच्या पस्तीस-चाळीस हजार पट म्हणजे १.५ टेस्ला. आपल्या शरीरात पाणी आणि चरबी भरपूर, त्यांत हायड्रोजन भरपूर, आणि हायड्रोजनचं प्रत्येक केंद्रक म्हणजे एक बारीकसा भोवरा. एरवी हे भोवरे वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. मोठ्या चुंबकात आणले की काही चुंबकाच्या दिशेने कलतात, काही उलट. दोन्ही गट जवळपास सारखेच. फरक पडतो तो अगदी किरकोळ: १.५ टेस्लाला दहा लाखांमागे पाचेक भोवरे जास्तीचे उरतात. अख्खं चित्र त्या पाचांच्या जिवावर निघतं. ०.३ टेस्लाला दहा लाखांमागे एकच उरतो, ३ टेस्लाला दहा. मशीनची ताकद म्हणजे ही शिल्लक. शिल्लक कमी असेल तर तेच चित्र पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करावी लागते, म्हणून ओपन मशीनमध्ये पेशंटला जास्त वेळ झोपवतात. त्यात माणूस हलला की सगळी मेहनत पाण्यात.

आवाजाकडे येतो. दुसरी नळी, ग्रेडियंट कॉइल, ही खरी गोंगाट करणारी. मुख्य चुंबक सगळीकडे सारखं असतं, मग शरीरातल्या कुठल्या जागेवरून सिग्नल आला हे कळायचं कसं? त्यासाठी तीन दिशांना तीन वेगळ्या कॉइल असतात, त्या क्षेत्रात हलकासा उतार तयार करतात: डोक्याकडे किंचित जास्त, पायाकडे किंचित कमी, डावीकडे जास्त, उजवीकडे कमी. भोवऱ्याचा वेग क्षेत्रावर ठरतो, त्यामुळे वेगावरून जागा ओळखता येते. हे उतार सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करावे लागतात. काही शे अँपिअरचा करंट एवढ्या मोठ्या चुंबकाच्या पोटात असा चालू-बंद झाला की प्रत्येक वेळी कॉइलला धक्का बसतो आणि ती थरथरते. तो आवाज शंभर डेसिबलच्या वर जाऊ शकतो. शहापूरचे एक काका, आयुष्यभर मागावर काम केलेले, स्कॅन झाल्यावर उठून म्हणाले, 'धोट्याचा आवाज येतोय म्हटलं, तासभर तिथंच झोपलो असतो की.' विणकरांच्या शहापूर-वडगावात वाढलेल्या माणसाला त्या खडखडाटाची सवय असते, बाकीच्यांना नसते. कानात बोळे आणि वर हेडफोन, दोन्ही मागून घ्या. कुणी नुसता कापूस दिला तर नको म्हणा.

तिसरी नळी शांत असते. ती रेडिओ लहरी सोडते. १.५ टेस्लाला जवळपास ६४ मेगाहर्ट्झ, ३ टेस्लाला १२८. म्हणजे आपल्या एफएमच्या पट्ट्याच्या एकदा खाली, एकदा वर. लहर नेमकी भोवऱ्यांच्या वेगाची असली की ते आडवे पडतात, लहर थांबली की उठून पुन्हा जागेवर येतात, आणि उठता उठता स्वतः बारीकसा सिग्नल सोडतात. पाण्याचे भोवरे सावकाश उठतात, चरबीचे झटकन. मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी आटलेलं असेल तर ती चित्रात काळी दिसते. तुमच्या आईच्या रिपोर्टमध्ये 'डेसिकेशन' असा शब्द आला तर घाबरू नका, तो हाच. चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये तो असतो.

पाठवायच्या लहरीला पंधरा-वीस किलोवॅटचा ॲम्प्लिफायर लागतो, आणि परत येणारा सिग्नल मात्र मायक्रोव्होल्टमध्ये मोजायचा. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजत असताना मागच्या गल्लीतली कुजबूज ऐकायची, असला प्रकार. म्हणून ऐकणारा कान अंगाला चिकटून हवा. तो कान म्हणजे रिसीव्हर कॉइल: डोक्याला पिंजऱ्यासारखी, गुडघ्याला नळीसारखी, पोटाला गोधडीसारखी, आणि मणक्याची टेबलातच बसवलेली. माझं मत विचाराल तर मशीन निवडताना लोक टेस्ला विचारतात आणि कॉइल विचारत नाहीत, हे उलटं झालंय. बारा-सोळा चॅनलची, म्हणजे एकाच वेळी ऐकणारे बारा-सोळा कान असलेली, धड मणक्याची कॉइल असलेलं १.५ टेस्ला, तुटलेला एक चॅनल तसाच ठेवून चालवलेल्या ३ टेस्लापेक्षा बरं चित्र देतं. असे तुटके चॅनल मी पाहिलेत. कॉइल महाग, केबल नाजूक, आणि ती उचलायची घाई रोजची.

सिग्नल एवढा दुबळा म्हटल्यावर बाहेरचा कुठलाही रेडिओ आवाज त्याला गिळून टाकेल. म्हणून अख्खी खोली तांब्याच्या पत्र्याने मढवलेली असते: भिंती, छत, जमीन. खिडकीच्या काचेत तांब्याची बारीक जाळी असते. दाराच्या कडेने स्प्रिंगसारख्या पितळी रंगाच्या बोटांची रांग असते, दार बंद झालं की ती चौकटीला घट्ट टेकते. एकदा ऑगस्टमध्ये प्रत्येक चित्रात एक ठिपक्यांची रेघ यायला लागली. तीन दिवस केबल बदलून पाहिल्या, ॲम्प्लिफायर तपासला, कॉइल बदलली. चौथ्या दिवशी दाराची बोटं नीट पाहिली तर पावसाच्या दमटपणाने त्यांच्यावर हिरवट थर चढलेला. स्पिरिटचा बोळा घेऊन पुसली, दोन वाकलेली बोटं सरळ केली, रेघ गेली. तुमच्या स्कॅनच्या वेळी दार जोर लावून बंद करतात ते म्हणूनच, आईला कोंडायला नव्हे.

कॉम्प्युटरविषयी फार सांगत नाही. आलेले सिग्नल हे चित्र नसतं, लहरींची सरमिसळ असते. त्यातून कुठल्या वेगाची लहर किती हे वेगळं काढायचं गणित फ्रेंच गणितज्ञ फूरिएने १८२२ साली उष्णतेच्या अभ्यासात मांडलं, तेच इथं वापरतात. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये उतार वापरून पहिलं चित्र काढलं, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ते जलद केलं, आणि दोघांना २००३ चं नोबेल मिळालं. क्ष-किरण यात कुठंच नाहीत, त्यामुळे एक्स-रे किंवा सीटीसारखा किरणांचा धोका नाही. रेडिओ लहरींनी अंग थोडं कोमट होतं, तेवढंच, आणि मशीन पेशंटचं वजन विचारून त्यावर मर्यादा ठेवतं. म्हणून वजन खरं सांगा.

धोका आहे तो लोखंडाचा. बेळगावच्या माणसांना मी हे जास्त ठासून सांगतो, त्याला कारण आहे. आपल्याकडे उद्यमबाग आहे, मच्छे आहे, फाउंड्र्या आणि लेथ आहेत. ग्राइंडरवर काम करणाऱ्याच्या डोळ्यात कधीतरी किसाचा कण जातो, डॉक्टर तो काढतात, कधी अर्धाच निघतो, माणूस विसरून जातो. चुंबकात तो कण वळतो आणि डोळा जाऊ शकतो. फॉर्मवर 'डोळ्यात धातू?' असा प्रश्न असतो, लोक घाईत 'नाही' वर टिक करतात. मी फॉर्म बाजूला ठेवून विचारतो, 'लेथवर किती वर्षं होता?' एकाने वीस वर्षं सांगितली, डोळ्याचा एक्स-रे काढला, बुबुळाच्या बाजूला पांढरा ठिपका. त्याचा एमआरआय त्या दिवशी झाला नाही. दुसरी आपल्याकडची गोष्ट म्हणजे माजी सैनिक. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र इथंच, आणि आजूबाजूच्या गावांत घरटी एक तरी फौजी. मांडीत जुना स्प्लिंटर, म्हणजे स्फोटातला धातूचा तुकडा, असतो, दुखत नाही म्हणून सांगत नाहीत. सांगावं. तो कुठं आहे हे पाहून रेडिओलॉजिस्ट ठरवतात.

चुंबक जवळ गेल्यावर हळूहळू नाही, एकदम ओढतं. दारापाशी चावी खिशात जाणवतही नाही, दोन पावलं पुढं गेलं की तीच चावी खिसा फाडून निघते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर आत नेला गेला आणि एका तरुण नातेवाइकाचा जीव गेला. आमच्याकडे एका रात्री सफाईला नवीन आलेला मुलगा लोखंडी बादली घेऊन दारापर्यंत पोचला होता. त्याला वाटलं, दिवे बंद म्हणजे मशीन बंद. बादली हातातून सुटायच्या आत वॉचमनने त्याला कॉलर धरून मागं ओढलं. तेव्हापासून त्या दारावर मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत एकच वाक्य लिहिलंय: चुंबक नेहमी चालू असतं. तुमचा प्रश्न वाचताना मला तोच मुलगा आठवला.

आता तुमच्या आईविषयी. कमरेच्या मणक्यासाठी १.५ टेस्ला पुरेसं आहे, ३ च्या मागं धावू नका. गुडघ्यातली वाटी सहसा कोबाल्ट-क्रोम आणि टायटॅनियमची असते, ती चुंबकाने उखडत नाही आणि कमरेपासून लांब आहे, त्यामुळे चित्रही बिघडवत नाही. धातूजवळचं चित्र ३ टेस्लात जास्त विस्कटतं, त्या हिशेबानेही १.५ बरं. तरी ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद किंवा इम्प्लांटचं कार्ड घेऊन या, म्हणजे तपासणाऱ्याला अंदाजावर जावं लागणार नाही. छातीत पेसमेकर, मेंदूत क्लिप, कानात बसवलेलं यंत्र यांपैकी काही असेल तर गोष्ट वेगळी, ते आधी फोनवरच सांगा.

घुसमटीचं म्हणाल तर कमरेच्या स्कॅनला सहसा पाय आधी आत जातात, त्यामुळे डोकं बोगद्याच्या तोंडापासून फार लांब नसतं. हातात रबरी फुगा देतात, दाबला की आम्ही लगेच थांबतो. डोळ्यांवर घडी घातलेला पंचा ठेवा. आत जायच्या आधीच डोळे मिटले तर पुष्कळ सोपं जातं, आत जाऊन उघडायचे नाहीत. तुमची तपासणी करून तुम्हालाही पायाशी उभं राहू देतील, विचारा. एवढं करूनही जमलं नाही तर ओपन मशीन आहेच, तिथं काढलेलं थोडं धूसर चित्र न काढलेल्या चित्रापेक्षा बरं.

एक गोष्ट बारीक आहे पण सांगतो. पोटाच्या स्कॅनला मशीन स्वतः बोलतं, 'ब्रीद इन, होल्ड', तेही परदेशी सुरात. नंदगडच्या आज्जीला ते काय कळणार? आम्ही मशीनमध्ये आमच्या सिस्टरच्या आवाजात मराठी भरून ठेवलं: 'श्वास घ्या, धरा, सोडा.' कन्नडसाठी दुसऱ्या सिस्टरने 'उसिरु हिडीरी, बिडीरी' म्हटलं. त्यानंतर पुन्हा काढावे लागणारे स्कॅन निम्म्याने तरी कमी झाल्यासारखे वाटले. कमरेला श्वास धरावा लागत नाही, पण आईला कुठली भाषा कळते हे आधी सांगून ठेवा.

दागिन्यांचं घरीच उरकून या. मंगळसूत्र, पाटल्या, जोडवी, नथ, सगळं. सोनं-चांदी ओढलं जात नाही, पण रेडिओ लहरीत धातूचं कडं तापतं. पायात रुतून बसलेली जोडवी दवाखान्यात ओढाताण करून काढण्यापेक्षा आदल्या रात्री खोबरेल तेल लावून सोडवा. काचेच्या बांगड्या चालतात, जरीची किंवा पत्र्याची पट्टी लावलेल्या चालत नाहीत. हातावर जुनं गोंदण असेल तर सांगा. काजळीचं जुनं गोंदण सहसा त्रास देत नाही, पण जागा गरम वाटली तर फुगा दाबायचा. साडीच्या पिना मोजून काढा, परकराच्या नाडीला अडकवलेली पिन हमखास राहून जाते. आणि सकाळी खानापुराहून निघताना आईला पोटभर खाऊ घाला, कमरेच्या स्कॅनला उपाशी राहायची गरज नाही. डॉक्टरांनी इंजेक्शन लावून स्कॅन सांगितला असेल तरच किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट सोबत घ्या आणि खाण्याचं आदल्या दिवशी फोन करून विचारा.